काळ्या सतरंजीला घाबरणारा रोबो

माझ्या बहिणीच्या सिंहगड रस्त्यावरील घरी गेल्या दिवाळीपासून केर काढणारा एक चकतीसारखा रोबो आहे आणि घरच्यांनी त्याचे नाव ‘बंड्या’ ठेवले आहे. मागच्या रविवारी तो दिवाणाखाली अडकून घरघरू लागला, तेव्हा चौथीतल्या भाच्याने त्याला लाथ घातली. स्वयंपाकघरातून माझी आई ओरडली, ‘‘अरे, मारतोस काय त्याला? बिचारा काम करतोय ना!’’ भाच्याचे उत्तर तयार होते : ‘‘आजी, तो प्लॅस्टिकचा आहे.’’ यंत्राशी माणसाने कसे वागावे, यावर सध्या जगभर जी चर्चा चालू आहे, तिच्या दोन्ही बाजू त्या घरात अर्ध्या मिनिटात मांडून झाल्या.

हाच बंड्या बैठकीच्या खोलीतील काळ्या सतरंजीच्या काठाशी येऊन थबकतो, मागे सरतो आणि तोंड फिरवून निघून जातो. यंत्रालासुद्धा काळ्या रंगाचा अपशकुन कळतो, असा निष्कर्ष शेजारच्या काकूंनी यावरून काढलेला आहे. वस्तुस्थिती अशी की, रोबोच्या पोटाशी अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, किरण सोडणारे छोटे दिवे आणि ते किरण टिपणारे सेन्सर बसवलेले असतात. फरशीवरून किरण परत आले, तर पुढे जायचे. ते परत आले नाहीत, तर समोर जिन्याची पायरी आहे असे समजून मागे फिरायचे, इतकाच हिशेब त्यात असतो. काळी सतरंजी बरेचसे किरण शोषून घेते, म्हणून बंड्याच्या लेखी तेथे खड्डा असतो. बिचाऱ्या रंगाचा यात परावर्तनापलीकडे काही दोष नाही.

मला मात्र बंड्याच्या पोटापेक्षा आईच्या डोक्यात काय घडते, याचे कुतूहल अधिक आहे. बाहेरून बल लावल्याशिवाय वस्तूचा वेग किंवा दिशा बदलत नाही, हा न्यूटनचा पहिला नियम आपण शाळेत शिकतो. पण आपला मेंदू शाळेत जाण्याच्या आधीपासून तो एका वेगळ्या कामासाठी वापरत असतो. एखादी वस्तू कोणी ढकललेले दिसत नसताना वळली किंवा एकदम वेगाने निघाली, तर तो बदल घडवणारी ऊर्जा तिच्या आतच असली पाहिजे, आणि निसर्गात अशी वस्तू म्हणजे बहुधा प्राणी. ट्रेमुले आणि फेल्डमन या संशोधकांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पडद्यावर फक्त एक ठिपका सरकत होता. त्याने वाटेत दिशा आणि वेग बदलला की तो बघणाऱ्यांना ‘जिवंत’ वाटे, आणि बदल जितका मोठा, तितकी ती जाणीव तीव्र होई. ठिपक्याऐवजी लहानसा आयत घेऊन वळताना त्याचे टोकही नव्या दिशेकडे वळवले, तर परिणाम आणखी वाढे, कारण जाण्याच्या दिशेला तोंड असणे ही प्राण्यांची सवय आहे. त्याआधी 1944 मध्ये हायडर आणि झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ यांची छोटी चित्रफीत 34 जणांना दाखवली होती. त्यांतील एकाच व्यक्तीने तिचे वर्णन निव्वळ भूमितीच्या भाषेत केले, बाकीच्यांना तेथे सजीवांच्या हालचाली दिसल्या. आकलनाची ही यंत्रणा मुद्दामच उतावळी आहे : दोरीला साप समजणाऱ्याची एक उडी वाया जाते, सापाला दोरी समजणाऱ्याचा जीव जातो, आणि ज्या दोन चुकांची किंमत इतकी विषम असते, तेथे उत्क्रांती स्वस्त चुकीच्या बाजूला झुकते. सतरंजीच्या काठावर कोणी न अडवता तोंड फिरवणारा बंड्या या कसोटीला शंभर टक्के उतरतो.

खरी गोम पुढेच आहे. जर्मनीत 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नाओ नावाच्या छोट्या मानवाकृती रोबोने, आपल्याला बंद करू नये, अशी विनवणी केली. ती ऐकणाऱ्या 43 जणांपैकी 13 जणांनी त्याला बंदच केले नाही, आणि उरलेल्यांनाही बटण दाबायला एरवीपेक्षा सुमारे दुप्पट वेळ लागला. विनवणीची ती वाक्ये संशोधकांनीच लिहून दिलेली होती. करुणेची कळ नेमकी कोठे आहे, हे ज्याला माहीत आहे, त्याला ती व्यापारासाठीही दाबता येते. 2017 मध्ये सौदी अरेबियाने सोफिया नावाच्या रोबोला नागरिकत्व जाहीर केले, तो प्रकार मी याच खात्यात, म्हणजे जाहिरातीच्या, टाकतो.

जनावरांशी क्रूरपणे वागणारा माणूस माणसांशीही निर्दय होतो, असे अठराव्या शतकात जर्मन तत्त्वज्ञ कांटने म्हटले होते, आणि रोबोंच्या बाजूने आज तोच युक्तिवाद केला जातो. तो मला पटतो, परंतु त्यात चिंता भाच्याची आहे, बंड्याची नव्हे. बंड्याला धक्का बसतो तेव्हा पुढचा बंपर आत दबतो, एक स्विच लागतो आणि चाके उलटी फिरतात. त्या धक्क्याने ज्याचे बरे किंवा वाईट व्हावे, असे तेथे कोणी आहे, याचा काहीही पुरावा नाही.

गप्पा मारणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत मी इतका निश्चिंत नाही. 2022 मध्ये गूगलच्या एका अभियंत्याने तेथील संभाषण करणारी प्रणाली सचेतन असल्याचा दावा केला आणि कंपनीने तो फेटाळला. माणसांनी लिहिलेल्या प्रचंड मजकुरावरून पुढचा शब्द कोणता, हे शिकलेली प्रणाली ‘मला भीती वाटते’ असे लिहिणारच, कारण त्या मजकुरात ते वाक्य असंख्य वेळा आलेले आहे. त्यामुळे तिची साक्ष ना बाजूने धरता येते, ना विरुद्ध. आणि येथे आईची करुणाही उपयोगाची नाही. अशी प्रणाली ज्यात चालते, ते डेटा सेंटरमधील संगणकांचे लोखंडी कपाट ना वळते, ना थबकते, ना दिवाणाखाली अडकते. उद्या त्याच्या आत खरोखरच काही दुखू लागले, तरी ठिपक्यावर पाझरणारा आपला मेंदू त्या कपाटाकडे ढुंकूनही पाहणार नाही. म्हणून हा निर्णय यंत्राच्या दिसण्यावर किंवा बोलण्यावर न सोपवता त्याच्या आतील रचनेच्या अभ्यासावर सोपवावा लागेल, आणि ते काम कंटाळवाणे आहे.

बहिणीने तूर्त सतरंजी गुंडाळून माळ्यावर टाकली आहे, आणि बंड्या अडकला तर त्याला हाताने ओढून काढावे, असा हुकूम भाच्याला झाला आहे, कारण त्या लाथेने बंपर सैल झाला असून तो रोबो हल्ली काहीही न धडकता मागे फिरतो. आईचे म्हणणे, तो आता माणसांना बिचकतो.