मूल ऐकत नाही, मग शिकवणी आईबाबांची का?

दोन वर्षांचं मूल भर बाजारात लोळण घेतं, तेरा वर्षांची मुलगी प्रत्येक वाक्याला उलट उत्तर देते. यात आजार काही नाही, वयच तसं असतं. मग ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर, म्हणजे सतत विरोध करण्याचा आणि न ऐकण्याचा विकार, डॉक्टरांच्या बोलीत ओडीडी, नेमका कुठे सुरू होतो?

यासाठी रक्ततपासणी नाही, स्कॅनही नाही. निदान होतं ते माहितीवरून. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या 2013 च्या नियमावलीत आठ लक्षणं आहेत. सारखं भडकणं, पटकन दुखावलं जाणं, रागात धुमसत राहणं, मोठ्यांशी वाद घालणं, सांगितलेलं मुद्दाम न करणं, दुसऱ्याला मुद्दाम डिवचणं, आपली चूक दुसऱ्यावर ढकलणं आणि डूख धरून सूड घेणं. यातली किमान चार लक्षणं किमान सहा महिने दिसायला हवीत. पाच वर्षांखालच्या मुलात ती बहुतेक रोज दिसावी लागतात, त्यापुढच्या मुलात आठवड्यातून एकदा तरी. सुडाचं वागणं मात्र सहा महिन्यांत दोनदा दिसलं तरी धरतात. शिवाय या सगळ्याचा मुलाला किंवा आजूबाजूच्यांना खरोखर त्रास होत असायला हवा. आणखी एक अट मला फार शहाणपणाची वाटते: भांडण फक्त भावंडांशीच होत असेल तर ते मोजायचं नाही!

बऱ्याच मुलांचा हा अवतार घरापुरताच असतो. दवाखान्यात तेच मूल हाताची घडी घालून बसतं आणि आईच खोटी पडते. म्हणून चांगला बालमानसोपचारतज्ज्ञ खोलीत दिसलं तेवढ्यावर विसंबत नाही. आईवडिलांना आणि शाळेतल्या बाईंना वेगवेगळं विचारतो. हट्टाखाली दुसरं काही दडलंय का, हेही पाहतो. ज्याला वाचताच येत नाही असा मुलगा पुस्तक भिरकावतो, कमी ऐकू येणारी मुलगी हाकेला ओ देत नाही. चिंता, झोपेचा अभाव, शाळेत होणारी दादागिरी, सगळं बाहेरून ‘ऐकत नाही’ असंच दिसतं. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकार, तर ओडीडीच्या जोडीने इतक्यांदा सापडतो की त्याची चौकशी टाळताच येत नाही.

आता उपचार. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञाने निरीक्षकांना थेट कुटुंबांच्या घरी पाठवून कोण कोणाला काय म्हणतं, याची बारीक नोंद करवली. त्यातून दिसलं ते आपल्याकडच्या कुठल्याही घरात दिसेल. आई म्हणते, टीव्ही बंद कर. मूल किंचाळतं. आई थकून म्हणते, बरं, बघ दहा मिनिटं. किंचाळणं थांबतं, आईला हायसं वाटतं. म्हणजे बक्षीस दोघांनाही मिळालं: मुलाला टीव्ही, आईला शांतता. दुसऱ्या दिवशी मूल लवकर किंचाळतं, आई लवकर हरते, नाहीतर धपाटा घालते. धपाट्याने ते गप्प बसलं की आईही शिकते, की हात उगारल्यावर काम होतं. वाईट कोणीच नाही, पण चक्र घट्ट होत जातं. काही मुलं जन्मतःच तापट असतात, त्यांच्या घरात हे आणखी लवकर होतं.

हे चक्र मोठ्यांच्या बाजूने तोडणं सोपं, म्हणून प्रशिक्षण आईबाबांना. दोष त्यांचा म्हणून नव्हे. शीला आयबर्ग यांनी लहान मुलांसाठी बसवलेल्या पद्धतीत आई मुलाशी खेळते आणि समुपदेशक आरशाच्या काचेपलीकडून तिच्या कानातल्या यंत्रात बोलतो. आधी फक्त खेळ, मुलाच्या मर्जीने: हुकूम नाही, टीका नाही, प्रश्नसुद्धा नाहीत. घरीही रोज पाच मिनिटं तसंच. जमलेल्या गोष्टीचं नाव घेऊन कौतुक करायचं: ‘ठोकळे उचलून ठेवलेस, छान!’ शिस्त त्यानंतर. ‘बूट घालशील का?’ हा प्रश्न झाला, आणि ‘नाही’ हे त्याचं रीतसर उत्तर आहे. ‘बूट घाल’ एवढंच, एकदा, शांतपणे सांगायचं आणि पुढचं ठरल्याप्रमाणे पाळायचं.

सुरुवातीला आरडाओरडा वाढतो. नेहमीचा उपाय चालेना म्हणून मूल आवाज चढवतं, आणि नेमकं याच टप्प्यावर घरचे माघार घेतात. त्यात आजीने आतल्या खोलीत नेऊन हळूच मोबाइल दिला, तर दहातून एकदाच जिंकलेला हट्ट उलट जास्त चिवट होतो. म्हणून जमेल तिथे आजी-आजोबांनाही सत्राला न्यावं.

ओडीडीवर खास गोळी नाही. सोबत एडीएचडी असेल तर त्याच्या औषधाने हट्टही बराच निवळू शकतो. रिस्पेरिडोनसारखं, एरवी गंभीर मनोविकारांवर वापरलं जाणारं औषध फार आक्रमक मुलांना, इतर उपायांनी भागलं नाही तर, थोड्या काळासाठी आणि वजनावर लक्ष ठेवून देतात. ज्या मुलांत वाद घालण्यापेक्षा चिडचिडच जास्त, त्यांना पुढे नैराश्य आणि चिंतेचा धोका अधिक असतो. भांडणं कमी झाली तरी अशा मुलांची तपासणी बंद करू नये.