पालिकेच्या सभेत नागरिकाला बोलता का येत नाही?

मुंबई महापालिकेची सभा लोकांसाठी खुली असते, ही बाब 1888 च्या अधिनियमातच आहे. बहुमताने गुप्त बैठक ठरवली तरच दार बंद करता येते. पण सभागृहाच्या सज्जात बसलेल्या माणसाला ऐकण्यापलीकडे काही करता येत नाही. त्याला प्रश्न विचारता येत नाही की हरकत घेता येत नाही.

याचे मूळ जुने आहे. 1872 च्या कायद्याने 64 सदस्यांची महापालिका आली आणि निम्मे सदस्य करदाते निवडू लागले. त्याआधी आयुक्तांच्या बेसुमार खर्चावरून करदात्यांनी शहरभर रान उठवले होते. म्हणजे हे सभागृह मुळात जाब विचारण्यासाठी मिळाले. 1888 च्या अधिनियमाने मात्र कारभाराची सूत्रे आयुक्तांकडेच ठेवली. प्रौढ मताधिकारावरची पहिली निवडणूक 1948 मध्ये झाली आणि मतदार वाढले, पण ही रचना तशीच राहिली.

आजही नागरिकाची मागणी कशी जाते पाहा. तो आपल्या नगरसेवकाला पत्र देतो, नगरसेवक ठरावाची सूचना मांडतो आणि सभागृह ती बहुधा मंजूर करते. मग ती आयुक्तांच्या अभिप्रायासाठी जाते आणि महिनोनमहिने तिकडेच राहते. कधीतरी ‘धोरणात बसत नाही’ अशा आशयाचा अभिप्राय येतो आणि विषय दप्तरी दाखल होतो. मूळ पत्र लिहिणाऱ्याला हे कुणी कळवत नाही.

हे अंतर कमी व्हावे म्हणून 74 वी घटनादुरुस्ती आली. ती 1 जून 1993 पासून लागू झाली आणि 3 लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या, म्हणजे त्या त्या भागातल्या नगरसेवकांच्या समित्या, बंधनकारक झाल्या. 1994 मध्ये राज्याने अधिनियमात बदल केला. पाणी, मलनिःसारण, पावसाळी नाले, साफसफाई यांच्या तक्रारींचा निपटारा आणि 5 लाखांपर्यंतच्या कामांना मंजुरी असे अधिकार समितीला मिळाले. त्याच कलमात आणखी एक गोष्ट होती. बिगरसरकारी आणि वस्तीपातळीवरच्या संस्थांमधून 3 पर्यंत सदस्य समितीवर घेता येतात.

खरा वाद या 3 जागांचा आहे, आणि माझ्या मते मुंबईने गमावलेली सर्वांत मोठी संधीही हीच. नगरसेवक नसलेल्या माणसाला समितीच्या टेबलाशी बसून विभागाच्या सहायक आयुक्तांना थेट प्रश्न विचारता यावा, अशी ही जागा आहे. पण हे सदस्य निवडतात समितीतले नगरसेवकच. नागरी संस्थांचा आक्षेप असा की जागा रिकाम्या ठेवल्या जातात, नाहीतर पक्षाच्या जवळचा माणूस एखाद्या संस्थेच्या लेटरहेडवर आत येतो. लोकप्रतिनिधींची बाजू अशी की निवडून न आलेल्यांनी आमच्या बरोबरीने का बसावे? हा युक्तिवाद मला पटत नाही. बहुमत नगरसेवकांचेच राहते, तिघांमुळे ते हलत नाही.

दुसरी अडचण आकाराची आहे. पालिकेचे प्रशासकीय विभाग अनेक वर्षे 24 होते, समित्या मात्र 17. ए, बी आणि ई विभागांची मिळून एकच समिती आहे. कुलाब्यातला फेरीवाला आणि भायखळ्यातले गटार एकाच विषयपत्रिकेवर येतात. 2009 मध्ये कायद्यात आलेल्या क्षेत्रसभेत मतदारांनीच बसून वस्तीची कामे सुचवायची होती. ती मुंबईत रुजलीच नाही. त्या मानाने 1997 च्या सुमारास सुरू झालेले एएलएम (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) हे रहिवाशांचे गट गल्लीत टिकले. ओला-सुका कचरा वेगळा करणे, पदपथ मोकळे ठेवणे अशी कामे त्यांनी केली. मात्र त्यांना सभेत स्थान नव्हते.

मग 7 मार्च 2022 रोजी नगरसेवकांची मुदत संपली. प्रभागांची संख्या 227 ची 236 आणि पुन्हा 227 झाली, आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला आणि निवडणूक लांबत राहिली. 1984-85 नंतर प्रथमच प्रशासक आले आणि तेही आयुक्तच. अर्थसंकल्प मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. 2025-26 चा 74,427 कोटींचा अर्थसंकल्प असाच, स्थायी समितीत एकही उपसूचना न येता मंजूर झाला. नागरिकांकडून सूचना मागवल्या होत्या, पण त्यांवर खुली चर्चा व्हायला सभाच नव्हती. 2023 मध्ये नगरसेवकांविना चाललेल्या मुख्यालयात पालकमंत्र्यांना दालन मिळाले, तेव्हा माजी नगरसेवकांनी केलेला विरोध रास्तच होता. या काळात कागद हवा असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज हाच मार्ग उरला होता.

जानेवारी 2026 मध्ये मतदान झाले आणि 227 नगरसेवक परत आले. आता आपल्या प्रभाग समितीची विषयपत्रिका विभाग कार्यालयात मागावी आणि त्या 3 जागांवर कुणाला घेतले, कोणत्या संस्थेकडून घेतले, हे लेखी विचारावे.