अझो रंगांवरील बंदी

कापड आणि चामडे रंगवताना ठरावीक अझो रंग वापरण्यास असलेली कायदेशीर मनाई. जर्मनीने ती १९९४ साली घातली. कारखानदार घातक रसायन वापरणे नेमके केव्हा थांबवतात, हे या बंदीच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

अझो रंगाच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात. त्वचेवरचे किंवा आतड्यातले जिवाणू हा बंध तोडू शकतात. तो तुटला की काही रंगांतून बेंझिडीनसारखी ॲमिने, म्हणजे नायट्रोजन असलेली संयुगे, सुटतात. बेंझिडीनमुळे मूत्राशयाचा कर्करोग होतो. सगळेच अझो रंग असे नसतात, त्यामुळे कपड्यावरचे ‘अझो-फ्री’ हे लेबल काटेकोर म्हणता येत नाही.

१८८४ साली काँगो रेड हा लाल रंग आला आणि बेंझिडीनपासूनचे रंग रंगाऱ्यांच्या हाती बसले. गरम पाणी आणि मीठ एवढ्यावर सुताची लड रंगायची. तुरटीसारखा रंगबंधक लागत नसे. धोका मात्र लपलेला नव्हता. फ्रँकफुर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ सालीच फुक्सिन हा किरमिजी रंग बनवणाऱ्या कामगारांच्या मूत्राशयातील गाठींची माहिती मांडली होती. ब्रिटनने १९६७ साली बेंझिडीनच्या उत्पादनावर बंदी आणली. तरी रंग बाजारात राहिलेच. कामगारांच्या आजाराने जे शतकभरात झाले नाही, ते गिऱ्हाइकाच्या अंगावरच्या कपड्याची काळजी वाटू लागताच थोड्या वर्षांत झाले. ही बोचणारी गोष्ट आहे आणि ती झाकू नये.

जर्मनी हा भारतीय कापडाचा मोठा ग्राहक. माल परत येण्याची भीती उभी राहिली, तसे निर्यातदार रंगाईवाल्यांकडे रंगांचा दाखला मागू लागले. भारत सरकारने १९९७ साली ७० अझो रंगांवर बंदी घातली. युरोपीय संघाचा निर्देश २००२ साली आला. परदेशात टॉवेल पाठवणाऱ्या सोलापूरलाही तीच अट लागू झाली.

तपासणीत कापडाचा तुकडा ७० अंश सेल्सिअसच्या द्रावणात ठेवून त्यात सोडियम डायथायोनाइट घालतात. रंगारी ज्याला ‘हायड्रो’ म्हणतात आणि चुकलेला रंग उतरवायला वापरतात, तेच हे रसायन. त्याने बंध तुटतो आणि सुटलेली ॲमिने मोजली जातात. यादीतले एखादे जरी किलोमागे ३० मिलिग्रॅमच्या वर गेले, तरी माल नापास. एका गडद किनारीपायी सगळी खेप अडकण्यापेक्षा महागडा रंग परवडतो.

पर्याय आधीपासून होता. १९५६ पासून मिळणारे रिॲक्टिव्ह रंग सुताशी रासायनिक बंधाने जोडले जातात आणि धुण्यातही टिकतात. त्यांतलेही बरेचसे अझोच आहेत, पण ही ॲमिने न सोडणारे. मात्र त्यांना मीठ आणि सोडा भरपूर लागतो, आणि न चिकटलेला रंग धुण्याच्या पाण्याबरोबर जातो. इचलकरंजीजवळ पंचगंगेच्या प्रदूषणात कापडप्रक्रियेच्या सांडपाण्याचाही वाटा आहे. कमी मिठात बसणारे रिॲक्टिव्ह रंग आता मिळतात.