कुत्रं चावल्याची शरीराला खबरच लागत नाही

ऊसतोडीच्या दिवसांत वाळवा-पलूसकडे फडात किंवा कोपीवर कुत्रं चावणं नवं नाही. पोटरीवर दोन दात उमटतात. त्यावर चुना नाहीतर मिरचीपूड भरली जाते, चार दिवसांत जखम सुकते, ताप नाही की सूज नाही, आणि माणूस कोयता घेऊन पुन्हा फडात. रेबीजचं सगळं फावतं ते इथेच.

फ्लूचा विषाणू श्वासनलिकेतल्या पेशी मारत सुटतो, म्हणून शरीरभर बोंब होते, ताप चढतो. रेबीजचा विषाणू स्नायूत दबून राहतो आणि चेतातंतूच्या टोकातून आत शिरतो. तिथे रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला निकामी करणारी प्रथिनं, त्याला गाठू शकत नाहीत. चेतापेशीला तो जिवंत ठेवतो, स्वतःची प्रथिनंही बेतानंच बनवतो. एरवी बाधित पेशी इंटरफेरॉन सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. या विषाणूकडे जनुकं अवघी ५, पण त्यातलं पी प्रथिन हा निरोपच अडवतं: निरोप केंद्रकात नेणाऱ्या स्टॅट प्रथिनांना ते बाहेरच धरून ठेवतं. उंदरांवरच्या प्रयोगांत तर मेंदूत शिरलेल्या टी-पेशीच, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच, मरताना दिसल्या. पाणी पाहून घसा आवळू लागला तरी रक्तात प्रतिपिंडं बऱ्याचदा सापडत नाहीत, आणि तोवर माणूस हातचा गेलेला असतो.

चाव्यापासून तिथपर्यंत बहुधा १ ते ३ महिने जातात. जे करायचं ते याच काळात, तेही पहिल्या तासापासून. वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं साबणानं जखम धुवायची. विषाणूचं आवरण चरबीचं असतं, ते साबणानं विरघळतं. मिरचीपुडीनं नुसती जखम चिघळते.

लसीनं प्रतिपिंडं तयार व्हायला ७ ते १४ दिवस लागतात. म्हणून रक्त आलेल्या चाव्यात तयार प्रतिपिंडं, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, जखमेत आणि तिच्या कडेनं टोचतात. माणसाच्या रक्तापासूनचं असेल तर किलोमागे २० युनिट, घोड्याचं असेल तर ४०. ६० किलोच्या माणसाला १२०० किंवा २४००. लसीच्या पहिल्या डोसाला ७ दिवस उलटले की ते देत नाहीत.

पोटातली १४ इंजेक्शनं केव्हाच बंद झाली. मोठ्या माणसाला लस दंडावर देतात. कुल्ल्यावरच्या चरबीत ती नीट शोषली जात नाही. त्वचेत द्यायच्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. घोळ होतो तो या शून्याचा. पहिला डोस सोमवारी झाला तर दुसरा गुरुवारी, तिसरा पुढच्या सोमवारी आणि चौथा त्यानंतर तीन आठवड्यांनी, सोमवारीच. तोवर टोळी दुसऱ्या गावी गेली असेल, तर कार्ड सोबत न्यायचं आणि तिथल्या आरोग्य केंद्रात दाखवायचं.