फ्लाय फिशिंग : पाइक व बास

पिसे, लोकर किंवा केस गळाला बांधून केलेले, स्वतःचे वजन जवळजवळ नसलेले आमिष जड दोरीच्या भाराने लांब फेकून मासा धरण्याच्या पद्धतीस फ्लाय फिशिंग म्हणतात. नेहमीच्या गळात शिशाचे वजन पुढे जाते आणि तंगूस त्याच्यामागे ओढला जातो. येथे दोरी पुढे जाते आणि आमिष तिच्यामागे जाते. नाव माशीवरून पडले असले, तरी पाइक आणि बास या शिकारी माशांसाठी बांधलेले आमिष बहुधा लहान माशाचे किंवा बेडकाचे रूप घेते, त्यामुळे या पद्धतीची व्याख्या आमिषावरून न करता दोरीवरून करणे अधिक सयुक्तिक ठरते. ‘माशीगळ’ हा प्रतिशब्द सुचण्याजोगा आहे. पण ‘माशीचा गळ’ आणि ‘माशाचा गळ’ यांत होणारा घोटाळा पाहता येथे मूळ नावच ठेवले आहे.

पद्धतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. रोमन कवी मार्शल याच्या इ. स. पहिल्या शतकातील एका पद्यात स्कॅरस नावाचा हावरा मासा ‘मस्का’ गिळून फसतो, असा पाठ काही संपादकांनी स्वीकारला असून त्यावरून पहिल्या शतकातच कृत्रिम माशी वापरात होती, असे म्हटले जाते. लॅटिनमध्ये ‘मस्का’ म्हणजे माशी. परंतु ‘मस्को’ असाही पाठ असून त्याचा अर्थ शेवाळ होतो. स्कॅरस हा मुख्यतः शैवाल खरवडून खाणारा सागरी मासा मानला जात असल्याने दुसरा पाठ अधिक संभाव्य वाटतो. निःसंदिग्ध उल्लेख त्यानंतरचा, इ. स. २०० च्या सुमारास लिहिणाऱ्या ईलियन या रोमन लेखकाचा आहे. मॅसिडोनियातील अ‍ॅस्ट्रिअस नदीवरील लोक गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळून तिला कोंबड्याची दोन पिसे बांधतात, असे तो सांगतो. त्याने दिलेल्या काठीची लांबी सुमारे सहा फूट आणि दोरीचीही तेवढीच. म्हणजे आमिष माशीचे असले, तरी दोरीच्या वजनावर दूर फेकण्याचे तंत्र त्यात नाही. इंग्लंडात १४९६ मध्ये विंकिन द वर्ड या मुद्रकाने छापलेल्या ग्रंथात गळमासेमारीवरील एक प्रबंध असून त्यात बारा कृत्रिम माश्यांचे वर्णन आहे. तो डेम ज्युलिआना बर्नर्स हिचा असल्याची परंपरा आहे, मात्र याच ग्रंथाच्या १४८६ च्या पहिल्या आवृत्तीत हा प्रबंध नसल्याने तिचे कर्तृत्व आता सहसा मान्य केले जात नाही.

दोरी आरंभी घोड्याच्या केसांची, पुढे रेशमाची आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर प्लॅस्टिकचा लेप दिलेली झाली. तिची प्रतवारी पहिल्या तीस फुटांच्या (सु. ९.१ मी.) वजनावरून करतात. ट्राउटसाठी सामान्यतः पाच क्रमांकाची, म्हणजे १४० ग्रेन (सु. ९ ग्रॅ.) वजनाची दोरी पुरते, पाइकसाठी नऊ किंवा दहा क्रमांकाची, २४० ते २८० ग्रेनची लागते, कारण १५ ते २५ सेंमी. लांबीचे, पाणी शोषलेले आमिष हलकी दोरी ओढू शकत नाही. पाइकचे दात नायलॉन सहज कापतात, म्हणून आमिषाच्या आधी तारेचा तुकडा जोडतात. बाससाठी हरणाच्या केसांचे तरंगते आमिष वापरतात. हे केस आतून पोकळ असल्याने तरंगतात. मासा लागल्यावर काठी न उचलता हाताने दोरी सरळ ओढावी, असा संकेत आहे, कारण दोन्ही माशांची तोंडे कठीण असतात.

पाइक (ईसॉक्स ल्युसिअस) उत्तर गोलार्धातील थंड व समशीतोष्ण गोड्या पाण्यात आढळतो. पाठीवरचा पर शेपटीजवळ असल्याने तो एका झेपेत भक्ष्य गाठतो. बास म्हणजे येथे मूळचा उत्तर अमेरिकेतील मोठ्या तोंडाचा बास. त्याचे शास्त्रीय नाव दीर्घकाळ मायक्रॉप्टेरस सॅल्मॉइडीस असे दिले जात असे, परंतु २०२२ मधील संशोधनानंतर ते फ्लॉरिडातील जातीकडे गेले असून या जातीस मा. निग्रिकन्स म्हणण्याकडे कल आहे. पुण्याच्या बाजारात मिळणारा बासा हा मार्जारमीन (कॅटफिश) असून त्याचा बासशी संबंध नाही. उपाहारगृहांतील ‘सी बास’ हा पुष्कळदा आपला जिताडा असतो.

पाइक व बास धरण्यासाठी थंड प्रदेशातील शरद (ऑटम) अनुकूल मानतात; या शरदाचे महत्त्व पाण्याच्या थंड होण्यात आहे. उन्हाळ्यात खोल तलावाचे उबदार व थंड असे थर पडतात आणि तळाकडील पाण्यात प्राणवायू कमी होतो; सप्टेंबरनंतर वरचे पाणी थंड व जड होऊन खाली जाते, थर मोडतात आणि प्राणवायू सर्वत्र पोचतो. त्याच सुमारास पाणवनस्पती मरू लागल्याने लहान मासे आडोसा सोडून थवे करतात आणि शिकारी मासे त्यांच्यामागे जातात. पाणी १० अंश सेल्सिअसच्या खाली गेल्यावर बास मंदावतो. पाइक मात्र थंडीतही खात राहतो. पुण्याच्या वाचकाने हा शरद आश्विन-कार्तिकाशी जुळवू नये; येथे तेव्हा ऑक्टोबरचा उकाडा असतो, आणि पानगळ शिशिरात होते.

पुणे जिल्ह्याच्या नद्यांत हे दोन्ही मासे नाहीत. या पद्धतीने धरण्याजोगा येथील मोठा मासा महसीर होय. कर्नल साइक्स याने १८३९ मध्ये मुळा-मुठेतील नमुन्यावरून त्याचे वर्णन केले व स्थानिक नावावरून त्याला ‘खुद्री’ म्हटले. आज तो टॉर खुद्री या नावाने ओळखला जातो. साइक्सने शिरूरजवळील घोड नदीतून वर्णिलेला ‘मुसल्ला’ हा महसीर की वेगळ्या प्रजातीतील मासा, हा वाद अनेक दशके चालला. अलीकडील अभ्यासक त्याला हिप्सेलोबार्बस प्रजातीत घालतात आणि तेच ग्राह्य वाटते. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकाच्या आरंभापासून महसीराची बीजनिर्मिती चालवली आहे. देहू येथे इंद्रायणीतील महसीर देवाचे मानले जातात आणि तेथे गळ टाकला जात नाही.