टाऊन हॉलच्या संग्रहालयप्रमुखांची जुनी कागदपत्रे: अर्ज कुठे आणि कसा करायचा?

कोल्हापुरात हा अर्ज बहुधा एका शब्दावर अडतो. लोक ‘संग्रहालयाच्या संचालकांची कागदपत्रे’ मागतात. टाऊन हॉलमध्ये बसतात ते अभिरक्षक (क्युरेटर). संचालक म्हणजे राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख, त्यांचं कार्यालय मुंबईत, सेंट जॉर्ज किल्ल्यात. पदाचं नाव चुकलं की ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर घरी येतं, आणि ते खोटंही नसतं!

आधी साल ठरवा. ब्रह्मपुरीच्या उत्खननानंतर १९४६ साली संग्रहालय सुरू झालं. संस्थान विलीन झालं १ मार्च १९४९ ला. म्हणजे पहिली तीनेक वर्षं दरबारी अमलातली. त्यांचा शोध कोल्हापूर पुराभिलेखागारातून सुरू करावा. अभ्यासाचा विषय लिहिलेला अर्ज, ओळखपत्र आणि विद्यापीठाचं किंवा संस्थेचं शिफारसपत्र बरोबर न्या. दप्तर माणसाच्या नावानं नाही, खात्यानुसार लागलेलं असतं. म्हणून आधी सूची मागा. कागद मोडीत असतील तर मोडी वाचणारा सोबत हवा.

१९४९ नंतरच्या कागदांसाठी माहिती अधिकार. अर्जदार भारतीय नागरिक हवा. एखाद्या मंडळाच्या किंवा संस्थेच्या लेटरहेडवर नको, स्वतःच्या नावानं लिहा. जोडपत्र ‘अ’, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. कारण सांगायची गरज नाही. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम.

मागायचं काय, हे मात्र नीट ठरवा. ‘कारकिर्दीची माहिती द्या’ याला काही अर्थ नाही. कागदाचं नाव घ्या. नियुक्ती आदेश, बदली आदेश, कार्यभार देताना-घेताना केलेली यादी, आणि सगळ्यात मोलाची दाखल नोंदवही. ब्रह्मपुरीला सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती किंवा आबालाल रहिमान यांचं एखादं चित्र नोंदवहीत कोणत्या तारखेला चढलं, ते दान होतं की खरेदी, हे तिथे सापडतं. ती तारीख कार्यभार यादीशी ताडून पाहिली की कुणाच्या काळात काय आलं ते उलगडतं. माझ्या मते सेवापुस्तकापेक्षा माणूस इथे जास्त कळतो.

सेवापुस्तक आणि गोपनीय अहवाल ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नाकारले जातात. बाब २० वर्षांपूर्वीची असेल तर अर्जातच माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३) चा आधार घ्या; इतक्या जुन्या बाबीला हे कारण त्या कलमानं लागू होत नाही.

नव्या राजवाड्यातलं संग्रहालय मात्र वेगळं, ते ट्रस्टचं. तिथे विनंतीपत्रच द्यावं.

माहिती अधिकाराच्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. तिथेही काही झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.