तापी-नर्मदेतला महाशीर: धोक्यात आहे की नाही?

महाशीर या नदीतल्या माशाचा विषय निघाला की कोणीतरी लगेच सांगतं, अरे तो तर धोक्यातून बाहेर आला. आला, पण तो दख्खनी महाशीर, पुण्याच्या मुळा-मुठेकडचा, ज्याची शास्त्रीय नोंद १८३९ ला एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने केली. आपल्या तापी-नर्मदेतला मुख्यतः टोर टोर (हे त्याचं शास्त्रीय नाव), जात वेगळी.

खरा घोळ इथंच आहे. दख्खनी महाशीर जागतिक लाल यादीत (कोणती जात किती धोक्यात ते सांगणारी यादी) आधी 'धोक्यात' होता, २०१८ च्या फेरतपासणीत एकदम 'चिंता कमी' वर गेला. यामागे लोणावळ्याजवळच्या हॅचरीचं, म्हणजे मत्स्यबीज केंद्राचं काम मोठं, १९७० च्या दशकापासून तिथे मादीचं पोट हलकेच दाबून अंडी काढतात, बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) वाढवतात आणि ती पार दुसऱ्या राज्यांतल्या नद्यांत सोडली गेली. काम मेहनतीचं, वादच नाही. पण कावेरीत सोडलेली हीच पिलावळ इतकी माजली की तिथला मूळचा कुबडा महाशीर मागे पडला आणि त्याच २०१८ ला 'अतिधोक्यात' गेला. आणि टोर टोर? त्याच्यापुढे लिहिलं 'माहिती अपुरी'. लोक त्याचा अर्थ सेफ आहे असा लावतात, जो मला अजिबात पटत नाही, कारण मोजलंच नाही तर कमी झाला की वाढला कळणार कसं.

नदीचं काय झालं ते मात्र डोळ्यांसमोर आहे. महाशीरला वाहतं, स्वच्छ पाणी लागतं, पावसाळ्यात तो वर चढतो आणि गोट्यांच्या पात्रात अंडी घालतो, त्यावर गाळ बसला की अंडी गुदमरतात. १९७२ ला खाली गुजरातेत तापीवर उकाई धरण झालं, खालच्या पात्रातून वर यायची वाट तिथेच बंद. १९८२ ला भुसावळजवळ हतनूर, तेही आता गाळाने भरत चाललेलं, मधे प्रकाशा, सारंगखेड्याचे बॅरेज. पात्रात वाळू उपसणारे डंपर आहेतच. धरणांच्या साचलेल्या पाण्यात कटला, रोहूचं बीज सोडतात, ठेकेदाराला तेच परवडतं. नर्मदेवर २०१७ ला सरदार सरोवराचे दरवाजे लागले, तेव्हापासून धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूला नदी कमी अन् तलाव जास्त.

मध्य प्रदेशने २०११ लाच महाशीरला राज्यमासा केलं. आपल्याकडे २०२३ ला तो मान पापलेटला मिळाला, समुद्राच्या माशाला.